शब्द सोडवणाऱ्या कुंदाताई

त्या वर्षांचं मला सलग काही आठवत नाही. आठवतो तो दुसऱ्या मजल्यावरचा सोनोग्राफीचा हॉल, दुपारचा. खिडकीला मोठा कूलर लावलेला असायचा. त्याच्या ओल्या वाळ्याचा वास हॉलभर पसरलेला असायचा आणि त्याच्या घरघरीत माणसांचं बोलणं बुडून जायचं. दुसऱ्या खिडकीबाहेर कडुनिंब होता. त्याची सावली हलली की समोरच्या भिंतीवर पाणी हलल्यासारखं वाटे. बाकांवर आया बसलेल्या, त्यांच्या मांडीवर उपाशी मुलं. तपासणीआधी काही खायचं नसतं, म्हणून रडून रडून दमलेली, पेंगुळलेली. आपण जागे आहोत की नाही, असं त्या हॉलमध्ये मला कितीदा तरी वाटलं आहे.

शेवटून दुसऱ्या बाकावर कुंदाताई बसत. सुती पातळ, खांद्यावर पिन लावलेला पदर, काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. आमच्यापैकी कुणाच्याच नात्यातल्या त्या नव्हत्या आणि दवाखान्याच्या नोकरीतही तेव्हा नव्हत्या. पण दर मंगळवारी, मुलांच्या तपासणीच्या दिवशी, त्या दहाला येत आणि शेवटचं मूल आत जाऊन बाहेर येईपर्यंत बसून राहत.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा माझी रेवा पाच आठवड्यांची होती. जन्मली तेव्हा साडेचार किलोची. बघायला येणारे म्हणत, काय गुटगुटीत आहे. पण जन्मल्याबरोबर तिच्या रक्तातली साखर खाली गेली आणि तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तिची जीभ तोंडात मावत नव्हती. उजवा पाय डाव्यापेक्षा जाड आणि जरा लांब होता. या सगळ्याचा मिळून एक रिपोर्ट झाला, अडीच पानांचा, आणि तो हातात घेऊन मी त्या हॉलमध्ये बसले होते. मी सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तरी त्या अडीच पानांतला एकही शब्द माझ्याशी बोलत नव्हता.

"काय वाचून राहिली वं एवढं?" शेजारून कुणीतरी विचारलं.

मी वळून बघितलं, कुंदाताई होत्या. त्यांनी आधी रेवाचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, "वाचू का मी?"

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न बोलता सगळं वाचलं. वाचताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती, एकेक करून, अगदी हलकी. मला वाटलं, जप करतात की काय. नंतर कळलं, त्या टाइप करत होत्या. तेहतीस वर्षं त्यांनी दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात रिपोर्ट टाइप केले होते, आधी मशीनवर आणि मग कॉम्प्युटरवर. बोटांची ती सवय त्यांच्यासोबत निवृत्त झाली नव्हती.

कागदाची घडी घालून त्या म्हणाल्या, "आता सांग. यातला कोणता शब्द टोचला तुले?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, काही शंका आहे का. शंका असायला आधी काहीतरी कळावं लागतं. टोचणं मात्र मला ताबडतोब कळलं. मी एका लांबलचक शब्दावर बोट ठेवलं. तो मला नीट वाचताही येत नव्हता.

"हेमीहायपरट्रॉफी," कुंदाताईंनी तो सहज म्हटला. "याले तोडून पाहू. हेमी म्हणजे अर्धं. हायपर म्हणजे जास्त. ट्रॉफी म्हणजे कपवाली ट्रॉफी नाही, ट्रॉफी म्हणजे पोषण, वाढ. एका बाजूची वाढ जास्त. बस. पोरीचा उजवा पाय जाड आहे हे तुले माहीत होतं का?"

"हो."

"कधीपासून?"

"झाली त्या दिवसापासून. मीच नर्सला दाखवलं होतं."

"मग या शब्दानं तुले नवीन काय सांगतलं?"

मी विचार केला. त्याने खरंच नवीन काही सांगितलं नव्हतं.

"अन् मॅक्रोग्लॉसिया म्हणजे मोठी जीभ," त्या म्हणाल्या. "मोठी जीभ असं लिहिलं असतं तं तू घाबरली नसती. हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर कमी होणं. ते होऊन गेलं, आता नाही. अन् हे आजाराचं नाव. हे तं दोन डॉक्टरांचे आडनावं आहेत, मधात आडवी रेघ. लग्नाच्या पत्रिकेवर असतात तसे."

मी पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसले. हसता हसता रडले, तेव्हा त्या कडुनिंबाकडे बघत बसल्या. मला रडू नको म्हणाल्या नाहीत. भाजलेल्या जवसाची डबी काढून माझ्यापुढे धरली, तेवढंच.

मग त्यांनी उरलेला एक शब्द सांगितला, सर्व्हेलन्स, आणि तेव्हा त्यांचा आवाज बदलला. अशा मुलांना पहिल्या काही वर्षांत पोटात गाठ होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. म्हणून दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करायची, आठ वर्षांची होईपर्यंत. "ह्याच्यात चूक नाही करायची," त्या म्हणाल्या. "पाऊस असो, परीक्षा असो, घरी लग्न असो. बाकीचे शब्द विसरली तं चालंन. हा नाही."

मंगळवार येत गेले. शाळेत मी प्रमाण मराठी बोलते, पण कुंदाताईंजवळ बसलं की माझ्या घरची बोली पुन्हा कानावर पडायची. हळूहळू त्यांच्याबद्दल थोडं थोडं कळत गेलं. वडील मिलमध्ये कामाला होते, धम्मदीक्षा घेतलेल्या पिढीतले. वाचायला उशिरा शिकलेले. संध्याकाळी वस्तीत मोठ्यानं पेपर वाचत आणि अवघड शब्द आला की थांबत. "समोरच्या सगळ्यांले कळल्याशिवाय बाबा पुढची ओळ वाचत नसत," कुंदाताई सांगत. "लोक कंटाळत. एक बातमी अर्धा तास चाले."

त्यांची पद्धतही तशीच होती. घाई नाही. एक शब्द घेतला की तो सुटेपर्यंत दुसरा घेत नसत. आणि समजावताना त्या समोरच्या माणसाच्या घरातलंच काहीतरी शोधत. एकदा रेवाच्या जनुकांच्या तपासणीचा निकाल आला, त्यात मोझेक असा शब्द होता. माझा नवरा नितीन तेव्हा सोबत होता. कुंदाताईंनी त्याला खाली बघायला सांगितलं. हॉलची फरशी जुनी, मोझेकचीच. "काही खडे काळे, काही पांढरे, काही लाल," त्या म्हणाल्या. "तसं रेवाच्या अंगात काही पेशींमध्ये हा बदल आहे, काहींमध्ये नाही. पण फरशी एकच आहे ना? पोट्टी पण एकच आहे." हिंगण्याच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा माझा नवरा, दवाखान्यात फारसं न बोलणारा. तो त्या दिवशी घरी आल्यावर किती तरी वेळ आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीकडे बघत बसला होता.

त्याचीच दुसरी गोष्ट. रेवा दीड वर्षाची असेल. माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून तपासणीला तो एकटाच गेला. मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. आवाज गेलेला.

"दोन्ही किडन्यांपुढे अनरिमार्केबल लिहिलं आहे," तो म्हणाला.

शिक्षकांच्या खोलीत मी उभी होते. अनरिमार्केबल. दखल घेण्याजोगं नाही. म्हणजे काय? वाढल्याच नाहीत? दिसल्याच नाहीत? इंग्रजीच्या बाईंच्या डोक्यात तो शब्द गरगरायला लागला. तेवढ्यात फोनवर कुंदाताईंचा आवाज आला. त्यांनी नितीनच्या हातून फोन घेतला होता.

"ऐक वं. तू वह्या तपासतेस का नाही?"

"हो."

"ज्या वहीवर शेरा लिहावा नाही लागत, ती वही कशी असते?"

"चांगली असते."

"तशा आहेत रेवाच्या किडन्या. काही शेरा नाही. डॉक्टरच्या घरी याच्याहून चांगला शब्द नसते. जा, पोट्टे वाट पाहून राहिले असतीन."

त्या दिवसानंतर कुठल्याही वहीवर उगाच शेरा लिहिताना माझा हात अडखळतो.

रेवा तीन वर्षांची झाली तेव्हा दवाखान्याने आईवडिलांसाठी एक माहितीपत्रक काढायचं ठरवलं. रेवाच्या डॉक्टरांनी शुद्धलेखन बघायला मला बोलावलं आणि शब्द बघायला कुंदाताईंना. भाषांतर एका गृहस्थांनी केलेलं होतं. सज्जन माणूस, नीट इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी मेहनत केली होती, हे कागदावर दिसत होतं. मॅक्रोग्लॉसियाला त्यांनी महाजिव्हता म्हटलं होतं, हेमीहायपरट्रॉफीला अर्धांगवृद्धी. नियमित तपासणीला पाळत.

कुंदाताईंनी सगळं वाचलं. बोटं गुडघ्यावर चालली, थांबली.

"सर, अर्धांग हा शब्द काढा," त्या म्हणाल्या.

"का? शास्त्रीय आहे तो."

"असंन. पण गावातली माय अर्धांग वाचंन अन् तिले वाटंन का लेकराले लकवा मारला. ती पुढचं वाचणारच नाही."

"परिभाषेला एक दर्जा असतो, ताई."

"दर्जा राहू द्या. मी तेहतीस वर्षं दर्जाच टाइप केला. अर्ध्या शब्दांचा अर्थ मले माहीत नव्हता." त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट त्या जरा ओशाळल्यासारख्या बोलत होत्या. "एका बाजूची जास्त वाढ, असं लिहा. मोठी जीभ लिहा. अन् हे पाळत नको. पाळत चोरावर ठेवतात. लेकरानं काही केलं नाही."

"मग काय लिहायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

कुंदाताईंची बोटं पुन्हा गुडघ्यावर चालली. 

"राखण," त्या म्हणाल्या. "वावरात पीक आलं का राखण करतात. पीक चांगलं असते म्हणूनच करतात."

ते गृहस्थ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पेन काढलं, पाळत खोडलं आणि त्याच्यावर राखण लिहिलं. मग स्वतःहूनच महाजिव्हता खोडलं. ते पत्रक अजून मिळतं. त्यावर कुंदाताईंचं नाव नाही. त्यांनीच नको म्हटलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगणं मला सोपं नाही, कारण त्यात मी चांगली दिसत नाही.

रेवा चार वर्षांची असताना एका मंगळवारी आतली डॉक्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ तिच्या पोटावरून यंत्र फिरवत राहिली. खोली अंधारी, पडद्यावर राखाडी ढग सरकत होते आणि रेवा त्या थंड जेलने खिदळत होती. एका जागी ढग थांबला. मग दुसरी डॉक्टर आली. त्यांनी एकमेकींकडे बघितलं नाही, यावरूनच मला कळलं.

रिपोर्टवर दोन शब्द होते. इंडिटरमिनेट लीजन. मी बाहेर आले आणि कागद कुंदाताईंच्या हातात दिला. त्यांनी वाचला.

"लीजन म्हणजे तिथं काहीतरी वेगळं दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. "इंडिटरमिनेट म्हणजे ते काय आहे हे अजून ठरलं नाही. वाईट ठरलं असं नाही. चांगलं ठरलं असंही नाही. ठरलं नाही. तू तेवढ्यावरच थांब. पुढं नको जाऊ."

"पण काही नसेल ना, ताई?"

त्यांनी कागदाची घडी घातली.

"तुम्ही इतके रिपोर्ट पाहिले आहेत. काही नसेल ना?"

"ते मले माहीत नाही वं."

मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं. खोटं असलं तरी चाललं असतं. मी म्हणाले, "दिवसभर लोकांना समजावत बसता आणि मला एवढं एक वाक्य म्हणता येत नाही तुम्हाला?" बाकावरच्या बायका बघायला लागल्या. "तुम्हाला काय होतंय ताई, तुमची मुलगी नाही ही."

कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि रेवाला कडेवर घेऊन मी जिना उतरले.

एमआरआयची तारीख बारा दिवसांनंतरची होती. ते बारा दिवस कसे गेले हे मला खरंच माहीत नाही. सक्करदऱ्याच्या आमच्या घरात सगळं नेहमीसारखं चाललेलं असायचं, कुकरच्या शिट्ट्या, नितीनची शिफ्ट, शाळेच्या वह्या, आणि मी त्या सगळ्यातून पाण्याखालून चालल्यासारखी चालत असे. पाचव्या की सहाव्या दिवशी, टळटळीत दुपारी, दार वाजलं. कुंदाताई दारात होत्या. डोक्यावरून पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, चेहरा उन्हानं लाल. पत्ता त्यांनी डॉक्टरांकडून घेतला होता. त्याआधी त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या आणि त्यानंतरही कधी आल्या नाहीत.

मी पाणी दिलं. रेवा आतल्या खोलीत झोपली होती. कुंदाताई तिला बघायला आत गेल्या नाहीत. माठाजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मले एक पोरगा आहे. तुले सांगतलं नाही कधी."

मी समोर भिंतीला टेकून खाली बसले.

"प्रशांत झाला तेव्हा लय वजन होतं त्याचं. बाया म्हणत, नशीबवान आहेस. जीभ बाहेर राहे त्याची. सासू म्हणे, मोठा झाला का जाईन आत. डॉक्टरले दाखवलं, तोही म्हणे, काही नाही होत. शाळेत गेला तं मास्तरनं चिठ्ठी पाठवली, पोरगा जीभ काढून वेडावून दाखवते. मी हापिसातून थकून आली होती. त्याले म्हटलं, तोंड बंद कर. तो करे. थोड्या वेळानं पुन्हा जीभ बाहेर. मले वाटलं, मुद्दाम करून राहिला." त्या थांबल्या. "मी त्याले मारलं वं. एकदा नाही. लय वर्षं मारलं. जिभेसाठी."

बाहेर रस्त्यावरून कुल्फीवाल्याची घंटा गेली. 

"तो बावीस वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. मी एका बाळाचा रिपोर्ट टाइप करून राहिली होती. माझं कसं होतं, डोळे शब्द पाहत अन् बोटं उमटवत, मधात मी नसायची. पण त्या दिवशी डॉक्टरनं मोठ्या शब्दांखाली साधं इंग्रजी लिहिलं होतं. जीभ मोठी, तोंडाबाहेर. कानाच्या पाळीवर चिरा. एक पाय जाड. जन्माचं वजन जास्त. अन् माझी बोटं थांबली. तो सगळा प्रशांत होता. तो मोठा शब्द मी आधी किती वेळा टाइप केला असंन, बाई. साधं लिहिलं म्हणून कळलं."

"मग?"

"मग घरी गेली. तो जेवून राहिला होता. मी म्हटलं, बाबू, तुझ्या जिभेचं एक नाव आहे. आजार आहे तो. तुझी चूक नव्हती. तो म्हणे, आई, माझी जीभ मोठी आहे हे मले पहिल्यापासून माहीत आहे. तुले आज कळलं का? अन् म्हणे, भात वाढ."

त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाने मान पुसली.

"त्याच्या पोटाची राखण कोणी केली नाही. कोणाले माहीतच नव्हतं. तो वाचला, तो असाच वाचला. दरवेळी असं नसते. मले सगळे म्हणत होते, काही नाही होत. ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. तू राग धर माझ्यावर. पण जे मले माहीत नाही, ते मी नाही म्हणणार."

मी उठून त्यांच्या पायाशी बसले. हॉलमध्ये जे बोलले त्याबद्दल काही म्हणावं असं मनात होतं, पण जमलं नाही. त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती वेळ ठेवला होता कुणास ठाऊक. डोळे उघडले तेव्हा ऊन उंबऱ्यावरून सरकलं होतं आणि रेवा दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती.

ती गाठच निघाली. लहान होती, एका किडनीच्या कडेला. तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत ती नव्हती. ऑपरेशन झालं, गाठ आणि किडनीचा थोडा भाग काढला. नंतर काही महिने औषधं चालली. लवकर सापडली, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत. लवकर हा शब्द मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

औषधांनी रेवाचे केस गेले. आणि त्याहून वाईट म्हणजे तिनं बोलणं सोडलं. आधीच तिचे शब्द जाडसर यायचे. आता वॉर्डात येणारा प्रत्येक जण तिला बोलतं करायला बघे आणि ती भिंतीकडे तोंड फिरवी. एका संध्याकाळी कुंदाताई आल्या, सोबत एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस. अंगात कारखान्याचा निळा शर्ट. चालताना एका बाजूला किंचित कलत होता. एका बुटाचा तळ जाड होता.

"हा प्रशांत," कुंदाताई म्हणाल्या. "शिफ्ट सुटल्यावर तसाच आला."

तो पलंगाजवळच्या स्टुलावर बसला. रेवाला काही विचारलं नाही. नितीनशी बोलायला लागला. दोघं हिंगण्याचेच, त्यामुळे कंपनीची बस, कँटीनमधली डाळ, नवा सुपरवायझर असं काहीबाही. त्याचे शब्द तोंडात जरा घोळून येत होते, ल आणि र जड, पण सगळं कळत होतं. थोड्या वेळानं रेवानं भिंतीकडची मान वळवली. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काका माझ्यासारखं बोलतो," ती म्हणाली.

किती दिवसांनी आलेलं वाक्य ते. मी नितीनकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. प्रशांत मात्र सहज तिच्याकडे वळला. "हाव. माझी जीभ मोठी आहे."

"माझी पण."

"दाखव."

तिनं जीभ काढली. त्यानं स्वतःची काढली. दोघांनी एकमेकांच्या जिभा नीट, गंभीरपणे बघितल्या, जणू मोजमाप घ्यायचं आहे. मग प्रशांतनं डोळे तिरळे केले आणि रेवा खदखदून हसली. परत जीभ काढली. त्यानंही काढली. ते थांबेचनात.

मी कुंदाताईंकडे बघितलं. त्या खिडकीशी गेल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. एक हात गजावर होता. बाहेर दिवे लागत होते. प्रशांतनं एकदा मान वळवून आईच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, चहा सांगू का तुले?" त्या मान न वळवताच म्हणाल्या, "सांग."

त्यानंतरची चार वर्षं मंगळवारांचीच. हॉलला नवा रंग लागला, बाक जाऊन खुर्च्या आल्या, कूलरच्या जागी एसी आला. कुंदाताईंना गुडघ्यांमुळे जिना चढायला वेळ लागे, पण त्या येत. रेवाची जीभ वयाबरोबर तोंडात सामावत गेली. पायातला फरक बुटानं झाकला जाई आणि ती तो झाकतही नसे. रिपोर्ट आता तीच आधी वाचायची, अनरिमार्केबल शोधायची आणि कुंदाताईंना मोठ्यानं सांगायची, "आजी, शेरा नाही."

शेवटची तपासणी झाली त्या दिवशी डॉक्टरांनी फाईलवर सही केली आणि म्हणाले, आता दर तीन महिन्यांनी यायची गरज नाही. वर्षातून एकदा, त्यांच्याच तपासणीच्या खोलीत. हॉल संपला. आम्ही बाहेर आलो तर कुंदाताई उठून उभ्या राहिल्या आणि आमच्यासोबत जिना उतरायला लागल्या. शेवटचं मूल बाहेर येण्याआधी त्यांना हॉल सोडताना मी कधी बघितलं नव्हतं. एकेक पायरी, कठड्याला धरून. रेवा त्यांच्या दुसऱ्या हाताखाली.

फाटकापर्यंत त्या आल्या. मी स्कूटर काढली. 

"भेटायला येऊ आम्ही, ताई," मी म्हणाले. "मंगळवारी."

"इथं नको येजो," त्या म्हणाल्या. "घरी ये. इथं नको."

रेवाच्या गालावरून हात फिरवून त्या वळल्या. रेवा मागे बसली, मी किल्ली फिरवली, पण निघाले नाही. कुंदाताई सावकाश जिन्यापर्यंत गेल्या. तिथं तिसऱ्या पायरीवर एक तरुण बाई बसली होती, गावाकडची असावी, प्रवासानं चुरगळलेली साडी, मांडीवर बाळ आणि हातात उघडलेला कागद. तिच्याजवळ पोचल्यावर कुंदाताईंनी वर हॉलकडे एकदा बघितलं. मग कठड्याला घट्ट धरून, एक गुडघा, मग दुसरा, अशा हळूहळू त्या त्याच पायरीवर बसल्या. ती बाई कागद पुढे करत होती. कुंदाताईंनी आधी बाळ घेतलं.